नौदलात असताना फेन्सिंग सुरू ठेवता येतं का?

सागरवेडी

नमस्कार मंडळी,

माझं नौदलाचं प्रशिक्षण संपत आलंय, लवकरच पहिल्या जहाजावर रुजू होईन. प्रशिक्षण केंद्रात संध्याकाळी फेन्सिंगचा, म्हणजे तलवारबाजीचा, वर्ग असायचा. दिवसभराच्या कवायतीनंतर आणखी घाम कशाला गाळायचा, असं बरोबरीच्या मुली म्हणायच्या. पण मास्क चढवला, समोरच्याच्या हाताकडे नजर लागली की बाकी सगळं विसरायला व्हायचं. फॉईल या शस्त्राचे प्राथमिक धडे झालेत. पुढे जाणं-मागे येणं, लंज (पुढे झेप घेऊन हल्ला), पॅरी-रिपोस्ट (वार अडवून लगेच उलट वार) हे बरं जमतं. सामने अगदीच थोडे खेळले.

आता भीती अशी वाटते की जहाजावर गेल्यावर हे सुटेल. वरिष्ठ म्हणतात, पोहणं, धावणं, व्हॉलीबॉल, शिडाच्या नौका यांना नौदलात वाव आहे, तलवारबाजी विसर. पण मला विसरायची नाही. कोणी नोकरी सांभाळून हा खेळ टिकवलाय का? जहाजावर सराव होतो का? साहित्याचं काय करता? आणि फॉईलच पुढे चालवू की दुसरं शस्त्र घेऊ? कोणत्याही देशाच्या नौदलातला किंवा व्यापारी जहाजावरचाही अनुभव चालेल.

फावल्यावेळी

चाचे जहाजावर चढले तर तुम्हाला सगळ्यात पुढे उभं करतील एवढं नक्की :) धागा वाचतोय, विषय नवीन आहे माझ्यासाठी.

जुनानाविक

सागरवेडी, आधी अभिनंदन. मी निवृत्त आहे, त्यामुळे आठवणीवर लिहितो.

नौदलाच्या नोकरीचे दोन भाग असतात, जहाजावरची वर्षं आणि किनाऱ्यावरची वर्षं. दोन्हींत एकच वेळापत्रक चालवायला गेलीस तर दोन्हीकडे निराशा येईल. किनाऱ्यावरच्या पोस्टिंगमध्ये शिकायचं, सामने खेळायचे, गुरू धरायचा. जहाजावर असताना शिकलेलं गंजू द्यायचं नाही, इतकंच ध्येय ठेवायचं.

जहाजावर जागा म्हणशील तर फ्रिगेट किंवा डिस्ट्रॉयरसारख्या युद्धनौकेवर हेलिकॉप्टरचं हँगर हीच खरी व्यायामशाळा. उड्डाणं नसतात तेव्हा एका कडेला चटया टाकून लोक वजनं उचलतात, दोरीच्या उड्या मारतात. तिथे पीस्टची, म्हणजे खेळायच्या पट्टीची, पूर्ण १४ मीटर लांबी मिळेलच असं नाही. निम्मी मिळाली तरी पायांचं काम होतं. उघड्या फ्लाइट डेकवर मात्र नको. तिथला न घसरणारा रंग खरवडणीसारखा असतो, एकदा गुडघा टेकला की कातडी गेली. बुटांचे तळवेही त्यावर टिकत नाहीत.

परवानगी एक्सओकडून, म्हणजे जहाजावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याकडून, लागेल. एकटीसाठी मागू नकोस. तीन-चार जण तयार कर, शारीरिक प्रशिक्षणाच्या प्रशिक्षकाला बरोबर घे आणि आठवड्यातून अमुक दिवशी, अमुक वेळी, इतकीच जागा हवी असं लिहून दे. जहाजावर मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं. नेमकी मागणी सहसा मंजूर होते, कारण खलाशी गुंतलेले राहावेत असं प्रत्येक एक्सओला वाटत असतं.

आणि वॉचचं गणित. चार तासांचा पहारा करून आल्यावर झोप आधी, खेळ नंतर. दमलेल्या माणसाच्या हातात पातं देऊ नये.

रिमझिम

जुनानाविक काका, किती नेमकं लिहिलंत! माझा नवरा नौदलात आहे आणि फेन्सिंग करतो. सविस्तर लिहिते थोड्या वेळात, लेकीचा अभ्यास चालू आहे.

इपीवाला

शस्त्राबद्दल माझं मत ठाम आहे. नाविकाने इपी घ्यावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शस्त्रं तीन: फॉईल, सेबर आणि इपी. फॉईलमध्ये फक्त धडावर टोक लागलं तर गुण. सेबरमध्ये पंजे सोडून कमरेच्या वर कुठेही, आणि टोकाबरोबर धारेनेही वार चालतो. या दोन्हींत 'राइट ऑफ वे' असतो, म्हणजे स्पर्श दाखवणारे दोघांचे दिवे लागले तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता हे पंच ठरवतो. इपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं शरीर लक्ष्य, आणि ज्याचं टोक आधी लागलं त्याला गुण. दोघांचे स्पर्श सेकंदाच्या साधारण विसाव्या ते पंचविसाव्या भागाच्या आत झाले तर दोघांनाही गुण.

याचा नौदलाशी संबंध असा की जहाजावर पंच मिळणार नाही. फॉईल किंवा सेबरचा सामना जाणत्या पंचाशिवाय वादावादीत संपतो. इपीला दिवा पुरतो, दिवाही नसेल तर दोन प्रामाणिक माणसं पुरतात. शिवाय धातूच्या धाग्याचं लामे जॅकेट इपीला लागत नाही, म्हणजे एक महागडी, नाजूक, खाऱ्या हवेत लवकर मरणारी वस्तू कमी. आणि एकट्याने सराव करायला मनगटावरचा नेम हा उत्तम विषय आहे. दोरीला टेनिसचा चेंडू लटकवायचा आणि टोक लावत बसायचं. जहाज हलत असेल तर चेंडू आपोआप हलतो, त्यासाठी वेगळा भागीदार लागत नाही.

सेबरसखी

इपीवाला, तुमचं पंचाबद्दलचं म्हणणं पटलं, बाकीचं नाही.

सागरवेडीने फॉईलवर सुरुवात केली आहे. पॅरी-रिपोस्टचा क्रम, हल्ल्याचा हक्क मिळवणं आणि हिरावून घेणं हे फॉईलमध्ये अंगात मुरतं. आत्ताच इपीवर गेली तर वाट बघत उभं राहायची सवय लागेल. मी असे कितीतरी खेळाडू बघितलेत, पाय थांबलेले आणि हात ताणलेला.

दुसरं, सेनादलांच्या स्पर्धांमध्ये एकाच शस्त्राला चिकटून राहणं परवडत नाही. ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या स्पर्धांत तिन्ही शस्त्रांत मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्याला 'चॅम्पियन ॲट आर्म्स' म्हणायची परंपरा आहे. नौदलाच्या संघात माणसं मोजकी असतात, सेबरला एक कमी पडला की फॉईलवालीला उभं करतात. मला सेबर अशीच मिळाली. संघात जागा रिकामी होती म्हणून हातात घेतली आणि मग तीच माझी झाली.

म्हणून सागरवेडी, तुझ्या तळावर ज्या शस्त्राचा चांगला गुरू किंवा जोडीदार मिळेल ते धर. शस्त्राचा हट्ट मोठ्या शहरातल्या क्लबात चालतो. जिथे चारच खेळाडू आहेत तिथे जोडीदार महत्त्वाचा.

इपीवाला

जोडीदाराचं बरोबर. पण इपीवाला वाट बघत उभा राहतो हे ऐकून फार वाईट वाटलं, आम्ही त्याला विचार करणं म्हणतो :)

पाणबुड्या

माझ्या नावावरून कळलंच असेल मी कुठे होतो. पाणबुडीत फेन्सिंग विसरा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून जागा द्यावी लागते, तिथे लंज कुठे मारणार? शिवाय व्यायामाने हवा जास्त खर्ची पडते, आवाज होतो, याचंही भान ठेवावं लागतं.

तरी मी काय केलं ते सांगतो. मनगटाचे आणि बोटांचे व्यायाम बंकवर आडवं पडूनही होतात. पात्याऐवजी पेन्सिल धरून भिंतीवरच्या एका रिव्हेटभोवती लहानात लहान वर्तुळं काढायची. बोटांनी टोक फिरवण्याची सवय त्यातून टिकते. आणि गस्तीवर जाण्याआधी जुन्या सामन्यांची चित्रफीत साठवून न्यायची, आवाज बंद करून बघायची आणि प्रत्येक स्पर्शाला पंच काय निर्णय देईल ते आधी आपण ठरवायचं. परत आल्यावर पाय जड झालेले असायचे, नजर मात्र तीक्ष्ण झालेली असायची. पंचाची परीक्षा द्यायचा विचार मला तिथेच सुचला.

इतिहासपान

पाणबुड्या, तुमच्या जातकुळीतला एक माणूस ऑलिंपिक खेळलाय. सेसिल कर्शॉ, ब्रिटिश रॉयल नेव्हीचा अधिकारी, पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांवर होता. इंग्लंडकडून रग्बी खेळायचा आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सेबरमध्ये उतरला.

आणि सागरवेडीने जॉर्ज कॅलननबद्दल जरूर वाचावं. अमेरिकी नौदलाचा अधिकारी, ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकलेला. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये त्याने इपीत वैयक्तिक कांस्यपदक मिळवलं. १९३२मध्ये लॉस एंजेलिसला सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ घ्यायचा मान त्याला मिळाला, आणि त्याच स्पर्धेत सांघिक फॉईल आणि सांघिक इपी अशी आणखी दोन कांस्यपदकं. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९३३ला, नौदलाचं 'ॲक्रन' हे फुग्यासारखं वायूवर तरंगणारं प्रचंड हवाई जहाज वादळात समुद्रात कोसळलं. त्यावरच्या ७६ जणांपैकी तिघेच वाचले. कॅलनन गेला. हा माणूस नौदलाची नोकरी करत करत जगातल्या पहिल्या तिघांत पोचला होता, हे मला फार मोठं वाटतं.

ॲनापोलिसमध्ये फेन्सिंग किती जोरात होतं ते बघा. अमेरिकेच्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं सांघिक विजेतेपद नौदल अकादमीने १९५०, १९५९ आणि १९६२ असं तीनदा जिंकलंय. 'नौदलात तलवारबाजी विसर' म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे जरूर सांगा.

सागरवेडी

कॅलननबद्दल पहिल्यांदाच वाचलं. अंगावर काटा आला. इतिहासपान, मनापासून आभार.

रिमझिम

आता लिहिते. घरच्यांच्या बाजूने.

नवरा जहाजावर असतो तेव्हा खेळ जवळजवळ बंदच. किनाऱ्यावर पोस्टिंग आलं की पहिल्या आठवड्यात तो दोन गोष्टी करतो. तळावर कोणी फेन्सिंग करतं का याची चौकशी, आणि शहरात नागरी क्लब आहे का याचा शोध. तळावर बहुतेक वेळा कोणी नसतं. नागरी क्लबात मात्र फार प्रेमाने घेतात. तो पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना स्पष्ट सांगतो की मी नाविक आहे, मधेच गायब होईन, कधी ते सांगता येणार नाही. मग कोणाचा गैरसमज होत नाही. एका क्लबाने त्याची वर्गणी तो समुद्रावर असेल त्या काळापुरती थांबवून ठेवली होती, न मागता.

आम्हा घरच्यांना याचा वेगळाच फायदा झाला. नवीन गावात बदली झाली की ओळखी व्हायला वेळ लागतो. फेन्सिंगच्या क्लबामुळे आम्हाला प्रत्येक ठिकाणी आयती माणसं मिळाली. लेकही आता शिकते. बाबा समुद्रावर असले की त्यांचे क्लबातले मित्र तिचा सराव घेतात.

एक प्रश्न मलाही आहे. मला भीती वाटते ती पातं मोडण्याची. जहाजावर डॉक्टर असला तरी मोठं रुग्णालय दूर असतं. कितपत धोका आहे?

तांबेरा

रिमझिम ताई, हा माझा विषय. मी जहाजावर विद्युत विभागात होतो आणि संघाची शस्त्रं दुरुस्त करायचो. थोडं लांबेल.

फेन्सिंगमध्ये जखमा मुख्यतः मुरगळणं आणि स्नायू ताणणं अशाच असतात. पातं मोडून गंभीर इजा होणं अतिशय दुर्मीळ. पण ते दुर्मीळ का झालं ते माहीत असायला हवं. १९८२ला रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह हा ऑलिंपिक विजेता प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं मास्कमधून शिरून दगावला. त्यानंतर मास्क, कपडे, पाती सगळ्यांचे नियम कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय दर्जाचे कपडे ८०० न्यूटनचा दाब सोसतात. फॉईल आणि इपीची पाती मॅरेजिंग पोलादाची असतात, ज्यात तडा गेला तरी तो हळू पसरतो.

आता समुद्राचा मुद्दा. हे सगळं संरक्षण साहित्य चांगल्या स्थितीत असेल तरच. आणि खारी हवा साहित्याची वैरीण आहे. मॅरेजिंग पोलादात निकेल भरपूर असतं म्हणून लोकांना वाटतं ते गंजत नाही. गंजतं. पात्यावर तपकिरी ठिपका दिसला की तो बारीक पॉलिश पेपरने लगेच काढायचा, कारण त्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. मास्कच्या जाळीचं तसंच. क्लबात मास्क तपासायला १२ किलोच्या जोराचा टोचा वापरतात. जहाजावर तो नसतो, म्हणून समुद्रावर जाण्याआधी तपासून घ्यायचा. जाळीत गंज किंवा खळगा दिसला तर तो मास्क फक्त पायांच्या सरावाला, समोर पातं असताना नाही. यात माझ्याकडून कोणालाही सूट मिळायची नाही, मग तो कितीही वरचा अधिकारी असो.

रोजची काळजी सांगतो. सराव झाला की पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, मग तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा. टोकाच्या आत तेल जाता कामा नये, तिथे विजेचा संपर्क असतो. ओले कपडे आणि पाती एका पिशवीत कधीच नाहीत. पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकायच्या आणि त्या वेळोवेळी वाळवायच्या. पिशवी जहाजाच्या बाहेरच्या कवचाला, म्हणजे हलच्या पत्र्याला टेकवून ठेवायची नाही, तिथे पाणी साचतं.

लामे असेल तर घामाचं मीठ हाच तिचा मृत्यू. गोड्या पाण्यात हलकेच बुडवून, न पिळता, कपड्यांच्या हँगरला लावून सावलीत वाळवायची. घडी घातली की धातूचे धागे तुटतात. मृत जागा, म्हणजे जिथून वीज वाहत नाही ती, शोधायला मल्टिमीटर पुरतो, ५ ओहमच्या वर गेलं की स्पर्धेत चालत नाही. जहाजावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून इपीवाल्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं.

टोकाची तपासणीही शिकून घे सागरवेडी. इपीच्या टोकाने ७५० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, फॉईलच्या ५००. खाऱ्या हवेत टोकातली स्प्रिंग आधी दगा देते. सुट्या स्प्रिंगा, स्क्रू आणि बारीक स्क्रूड्रायव्हर एका डबीत ठेव. जहाजावर विद्युत विभागात एखादा तरी माझ्यासारखा असतोच, त्याला दोस्त कर. त्याला पीस्टवर यायला आवडणार नाही कदाचित, पण शस्त्र खोलून बसायला नक्की आवडेल.

रिमझिम

तांबेरा दादा, हा प्रतिसाद छापून नवऱ्याच्या किटबॅगेत ठेवतेय.

फावल्यावेळी

मघाशी मी गंमत केली, पण धागा फारच रंगलाय. मला एक सांगा, 'नेव्हल पेंटॅथलॉन' म्हणून काहीतरी असतं ना? त्यात तलवारबाजी असते ना? मग नौदलात वाव आहेच की.

इतिहासपान

दोन वेगळे प्रकार आहेत. आधुनिक पेंटॅथलॉन १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये सुरू झालं. त्यात इपी आहे, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि एकाच स्पर्शात निकाल. अमेरिकी भूदलातला जॉर्ज पॅटन, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला, त्या पहिल्या स्पर्धेत पाचवा आला होता.

नेव्हल पेंटॅथलॉन हे सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा परिषदेचं. ही परिषद १९४८मध्ये स्थापन झाली. त्याचे पाच भाग म्हणजे अडथळ्यांची शर्यत, जीवरक्षक पोहणं, उपयुक्त पोहणं, नाविककौशल्याची शर्यत आणि जमीन-पाण्यावरची धाव. तलवार नाही. मात्र याच परिषदेच्या जागतिक सैनिकी क्रीडास्पर्धांत फेन्सिंग हा स्वतंत्र खेळ आहे, २०१५ला मुंग्योंग आणि २०१९ला वुहानमध्ये होता. म्हणजे नौदलाच्या खेळाडूला गणवेशाच्या नात्याने जगाशी खेळायचा रस्ता आहे.

एकपालक

माफ करा, मधेच विचारतो. माझा मुलगा राष्ट्रीय स्पर्धांत फॉईल खेळतो. खेळाच्या जोरावर नौदलात भरती होते का? की आधी नोकरी, मग खेळ?

जुनानाविक

दोन्ही वाटा आहेत. भारतीय नौदलाच्या खेळाडू भरतीच्या जाहिरातींत इतर खेळांबरोबर फेन्सिंगचंही नाव असतं. पात्रता, वय, कोणत्या स्तरावरचं यश धरतात हे त्या त्या जाहिरातीत नीट बघा, दर वेळी बदलू शकतं. इटलीत तर गणवेशधारी दलंच फेन्सिंगचा कणा आहेत. वालेंतिना वेझाली पोलीस दलाकडून खेळायची, आरियाना एरिगो काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाकडून.

पण मुलाशी एक बोला. खेळाडू म्हणून घेतलेल्याकडून पदकाची अपेक्षा असते, आणि खेळाची वर्षं संपली तरी नोकरी पुढे चालू राहते. समुद्र आवडतो का, हेही त्याला विचारा.

इपीवाला

+१. काकांचा शेवटचा प्रश्न आधी विचारायला हवा.

गुडघेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खलाशी आणि खेळाडू दोघेही येतात माझ्याकडे.

फेन्सिंग एकांगी आहे. पुढच्या पायाची मांडी, मागच्या पायाची पोटरी आणि शस्त्राच्या बाजूचा खांदा यांवर सगळा भार. जहाजावर त्यात उभ्या शिड्यांची चढउतार आणि पोलादी डेकवर तासन् तास उभं राहणं जमा होतं. म्हणून उलट्या पवित्र्यातही रोज थोडं चालायचं, म्हणजे उजवी असशील तर डावीसारखं. लंज पोलादावर थेट मारायचा नाही, खाली रबरी चटई हवीच.

जहाज डोलत असताना आणखी एक काळजी. बहुतेक वेळा डोलणं डावी-उजवीकडे असतं. तुम्ही जहाजाच्या लांबीच्या दिशेने सराव करत असाल तर पाऊल टेकताना घोटा बाजूला वळतो. डोलणं वाढलं की लंज थांबवा आणि फक्त हाताचं काम करा.

पाणबुड्या

गुडघेदुरुस्ती, तुमचं सदस्यनाम बघूनच गुडघा बरा झाला :)

सेबरसखी

इथे कोणी हुद्द्याबद्दल बोललं नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

सामन्याआधी पातं उंचावून समोरच्याला, पंचाला, प्रेक्षकांना सलाम करायचा आणि शेवटी मोकळ्या हाताने हस्तांदोलन. हा सलाम हुद्द्याचा नसतो. आमच्या संघात कमांडर होते आणि नुकतीच लागलेली एक खलाशी मुलगी होती. तिने त्यांना प्राथमिक फेरीत पाच स्पर्शांत हरवलं तेव्हा सगळा हॉल शांत झाला. त्यांनी मास्क काढला, हात मिळवला आणि शेवटचा पॅरी पुन्हा करून दाखव म्हणाले. ती सगळ्यांसमोर त्यांना शिकवत होती. नौदलात एरवी अशी जागा फार कमी असते. सागरवेडी, तू अधिकारी होणार आहेस. खलाशांना बरोबर घेऊन खेळलीस तर तुझं जहाज तुला वेगळ्या तऱ्हेने ओळखेल.

जुनानाविक

सहमत. फक्त दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर दोघांनीही तो सामना विसरायचा, हे आधीच ठरलेलं असू दे.

बंदरोबंदर

मी व्यापारी जहाजावर आहे. धाग्यात विचारलंय म्हणून लिहितो.

बंदरात जहाज दोन दिवस जरी थांबलं तरी मी त्या शहरातला क्लब शोधतो. आधी निरोप पाठवायचा, कोणतं शस्त्र, किती खेळलो आहे ते सांगायचं. फेन्सिंगच्या आज्ञा जगभर फ्रेंच. 'आं गार्द', 'प्रे', 'आले', 'आल्त'. तिथली भाषा येत नसली तरी हात मिळवून खेळायला उभं राहता येतं. बरोबर फक्त ग्लोव्ह, बूट आणि शक्य असेल तर स्वतःचा मास्क न्यायचा, बाकी क्लब देतात. पाती बंदरातून बाहेर नेण्याच्या भानगडीत पडू नका. ती खेळाची आहेत हे गेटवर समजावत बसावं लागतं, आणि तेवढ्यात शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी, संपते.

युद्धनौकेवर गणवेशाचे आणि सुरक्षेचे नियम जास्त असतील, तेव्हा अधिकाऱ्यांना सांगूनच जा. पण जा. एका संध्याकाळी अनोळखी पाच जणांशी खेळलं की महिन्याभराच्या एकट्याच्या सरावाइतकं कळतं.

फावल्यावेळी

अधिकाऱ्यांना समारंभाची तलवार असते ना? तिनेच सराव केला तर वेगळं साहित्य न्यायलाच नको!

तांबेरा

अजिबात नाही! समारंभाच्या तलवारीला टोक आहे, लवचीकपणा नाही. खेळाचं पातं मुद्दाम वाकण्यासाठी केलेलं असतं, स्पर्श झाला की ते कमानीसारखं वर जातं आणि धक्का स्वतः घेतं. ताठ पातं तो धक्का समोरच्याच्या बरगडीला देईल. गंमत म्हणूनही कोणी करू नका.

फावल्यावेळी

समजलं. विचारलं ते बरं झालं, दुसऱ्या कोणाच्या डोक्यात यायचं.

सागरवेडी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी असं ठरवतेय. किनाऱ्यावर असेन तोवर फॉईलच, कारण माझ्या प्रशिक्षिका फॉईलच्या आहेत आणि सेबरसखी ताईंचं गुरूबद्दलचं म्हणणं मनाला भिडलं. जहाजावर मात्र एक इपी नेईन, लटकता चेंडू आणि दोन मास्क. लामे घरीच. तांबेरा दादांची डबी आजच भरायला घेतली. आमच्या तुकडीतला विद्युत विभागाचा एक मुलगा त्याच जहाजावर येतोय, त्याला टोक खोलून दाखवलं तर तो अर्धा तास उठलाच नाही.

दोन शंका उरल्यात. एक्सओंकडे परवानगी कधी मागू, गेल्या गेल्या की थांबून? आणि मला चश्मा आहे, बंद हँगरात मास्कच्या आत काच धुक्याने भरते. काय करावं?

जुनानाविक

गेल्या गेल्या नको. आधी जहाज शीक. कोणती शिडी कुठे जाते, आग लागली तर तुझी जागा कोणती, पाणी शिरलं तर कोणतं दार बंद करायचं, हे झोपेतही यायला हवं. वॉच स्वतंत्रपणे सांभाळायचा परवाना हातात आला की माग. तोवर तुझी ओळख झालेली असेल आणि तुझ्या शब्दाला वजन असेल. मधल्या काळात पायांचा सराव कोणाला न विचारता केबिनच्या दारातही होतो.

इपीवाला

चश्म्यासाठी: मास्क किंचित मोठा घे, म्हणजे जाळी काचेपासून लांब राहते. चश्म्याला मागून पट्टा लाव. काचेला धुकं न धरणारा द्रव पोहणाऱ्यांच्या गॉगलसाठी मिळतो तोच चालतो. आणि प्रत्येक स्पर्शानंतर मास्क वर करून श्वास सोड, गुण मोजले जाईपर्यंत तेवढा वेळ असतो. मास्क वर असताना समोरच्याचं टोक खाली असलं पाहिजे, हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांग.

तांबेरा

आणि दोन मास्क नेतेयस तर दुसरा वेगळ्या मापाचा ने. शिकायला येणाऱ्यांची डोकी वेगवेगळी असतात. सैल मास्क घालून कोणालाही उभं करू नकोस, मान खाली घातली तरी तो हलला नाही पाहिजे.